चार फूट बाय तीन फूट

27 डिसेंबर 1999, सोमवार. पीएमटीची बस तुम्हाला पुणे विद्यापीठाच्या फाटकाशी उतरवते आणि औंधच्या दिशेने निघून जाते. साडेनऊ वाजलेत, उन्हं चांगली वर आलीत, तरी स्वेटर काढावासा वाटत नाही. पेपरवाल्याकडच्या प्रत्येक वर्तमानपत्रात एकच विमान आहे, अपहरण होऊन कंदाहारच्या धावपट्टीवर अडकून पडलेलं. आवारात शिरल्यावर मात्र वेगळीच धांदल. कुठे रंग मारणं चाललंय, कुठे मांडवाचे बांबू उतरताहेत. पुढच्या सोमवारी, 3 जानेवारीला, इथे भारतीय विज्ञान काँग्रेसचं 87वं अधिवेशन सुरू होणार आहे. उद्घाटनाला पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी येणार, अध्यक्षपदी डॉ. रघुनाथ माशेलकर. 1914 साली कलकत्त्यात भरायला लागलेली ही सभा यंदा पुण्यात आहे, आणि तुमच्या शबनममध्ये तिचं घडी घातलेलं पत्र आहे. तुमचं काम स्वीकारलं गेलंय. पोस्टर म्हणून. फळ्याचं माप चार फूट बाय तीन फूट.

हे पत्र आलं तेव्हा प्रयोगशाळेतल्या शेजारच्या टेबलावरून आवाज आला होता, "अरेरे, पोस्टरच मिळालं का?" त्यात कुचेष्टा नव्हती, मनापासूनचं सांत्वन होतं. विभागात सगळ्यांची समजूतच तशी आहे. व्यासपीठावर उभं राहून वाचला तो पेपर, आणि वाचायची संधी मिळाली नाही म्हणून भिंतीवर लावला तो पोस्टर. ही समजूत चुकीची आहे असं मला ठामपणे वाटतं, आणि तुम्हाला पंचवीसेक वर्षं मागे आणलंय ते त्यासाठीच.

तुम्ही जिथून आलात तिथे पोस्टर म्हणजे एक फाइल. पॉवरपॉइंटमध्ये पानाचा आकार ए-झीरो करायचा, जुन्या पोस्टरमधले चौकोन उचलून त्यात टाकायचे, पीडीएफ करून दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची आणि संध्याकाळी गुंडाळी घेऊन यायची. इथे त्यातलं काहीच नाही. पेनड्राइव्हसुद्धा अजून बाजारात यायचाय. तुमच्याजवळ आहे ती आकड्यांनी भरलेली एक जाड वही, फोटोंचं एक पाकीट, तीन फ्लॉप्या आणि सात दिवस.

काम मुठा नदीचं आहे. महिन्यातून एकदा पहाटे खडकवासल्याहून सुरुवात करायची, मग विठ्ठलवाडी, लकडी पूल, शिवाजी पूल, संगम असं पाण्याबरोबर खाली यायचं. प्रत्येक ठिकाणी 300 मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत पाणी भरायचं, आणि तेही असं की बूच लावल्यावर आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. कारण मोजायचाय तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू, बाहेरचा नव्हे. काठावरच बसून बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका धरतो. नसला तर साका पांढराच राहतो. पुढचं प्रयोगशाळेत: सल्फ्युरिक आम्ल, मग ब्युरेटमधून थेंबथेंब थायोसल्फेट, शेवटी स्टार्च, आणि निळा रंग ज्या थेंबाला जातो तो आकडा वहीत. लायोश विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने 1888 मध्ये सांगितलेली ही पद्धत जगभर चालते. समुद्रसपाटीवर 25 अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पुण्याच्या उंचीवर त्याहून थोडा कमी. मासे जगायचे तर तो निदान 4 मिलिग्रॅम असावा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं वर्गीकरण सांगतं. शहरात शिरल्यावर एका सकाळी पुलाखाली बसून तुम्ही पांढरा साका पाहिलाय. बाटली उन्हात धरून, उलटसुलट करून पुन्हा पाहिलाय. ते सगळं आता चार फूट बाय तीन फुटांत बसवायचंय.

तुमच्या मार्गदर्शक मॅडमच्या खोलीत तुम्ही मसुदा घेऊन जाता. बारा पानं, टाइम्स रोमन, अक्षर 12 पॉइंट. शीर्षकाची सुरुवात 'स्टडीज ऑन' अशी, त्यानंतर भौतिक आणि रासायनिक घटक, मग नदीचं नाव, मग 'विशेष संदर्भासह'. विभागातल्या प्रत्येक प्रबंधाचं शीर्षक असंच असतं. मॅडम पानं चाळत नाहीत. त्या उठतात, पहिलं पान दाराला चिकटपट्टीने लावतात आणि तुम्हाला खोलीच्या मध्यावर उभं करतात.

"वाच."

तुम्ही डोळे बारीक करता. शीर्षक लागतं. खालचा मजकूर म्हणजे करड्या रेघा.

"पाच फुटांवर आहेस. फळ्यासमोर माणूस इतकंच लांब उभं राहतं, त्याहून जवळ नाही. एकाच वेळी तिघंचौघं आली तर आणखी मागे. त्यांना काय दिसणार?"

मग त्या हिशेब मांडतात. 72 पॉइंट म्हणजे एक इंच. शीर्षक खोलीच्या पलीकडच्या टोकाहून दिसायला हवं, तेव्हा ते 80 पॉइंटच्या खाली नको. पोटशीर्षकं 36. मजकूर 24, आणि आकृतीखालच्या ओळीही त्याहून लहान नकोत. फळ्यावर ए-फोर पानं आडवी पाच आणि उभी दोन बसतात, वर शीर्षकाची पट्टी. म्हणजे दहा पानं. एका पानावर 24 पॉइंटमध्ये किती शब्द मावतात ते तुम्ही खाली येऊन प्रयोगशाळेतल्या संगणकावर टाइप करून पाहता आणि पोटात गोळा येतो. आकृत्या आणि फोटोंची पानं वगळली तर सगळं मिळून सहा-सातशे शब्द. तुमची नुसती प्रस्तावनाच त्याहून मोठी आहे.

इथे रात्र जाते. हा भाग मी तुमच्यासाठी सोपा करणार नाही, कारण पोस्टरचं खरं काम हेच आहे, छपाई नंतरची. भारतातल्या नद्यांच्या प्रदूषणाचा इतिहास जातो. मुठेचं पौराणिक महत्त्व जातं. आधीच्या संशोधकांचा आढावा दोन ओळींवर येतो. पद्धतीच्या पानावरची विंकलरची कृती जाते. जो विचारेल त्याला तोंडी सांगता येईल, आणि ज्याला ठाऊक आहे तो विचारणारच नाही. आकड्यांचे तक्ते आहेत तीन. पीएच, तापमान, क्लोराइड, कठीणपणा, नायट्रेट, फॉस्फेट, विद्युतवाहकता. प्रत्येक आकड्यामागे एक पहाट आहे, हात गारठवणारं पाणी आहे, म्हणून एकही आकडा काढवत नाही. दुसऱ्या दिवशी मॅडम तक्त्यावर बोट ठेवून विचारतात, "यातला कुठला आकडा लोकांनी घरी घेऊन जावा?" तुम्ही प्राणवायूच्या रकान्याकडे पाहता. "मग बाकीचे सगळे आकडे लोक आधी का वाचतील?"

आकडे जातात. त्यांच्या जागी एकच मोठा आलेख येतो, दोन पानं जोडून, फळ्याच्या बरोबर मधोमध. खाली खडकवासल्यापासून संगमापर्यंतची ठिकाणं, नदी वाहते त्या क्रमाने. उभ्या अक्षावर प्राणवायू. 4 मिलिग्रॅमपाशी एक आडवी रेघ. पावसाळ्याची रेघ सलग, उन्हाळ्याची तुटक. आलेखात रंग आहेतच, तरी रेघा वेगवेगळ्या हव्यात, कारण वाटायच्या प्रती झेरॉक्सच्या असणार आणि झेरॉक्समध्ये लाल काय नि निळा काय, दोन्ही काळेच. उन्हाळ्याची रेघ खडकवासल्याला उंच सुरू होते, विठ्ठलवाडी ओलांडल्यावर उतरायला लागते आणि शहराच्या पोटात 4च्या रेघेखाली बुडते. हे पाहायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. शीर्षकही बदलतं. आता ते सरळ सांगतं की उन्हाळ्यात मुठेतला प्राणवायू शहरात कुठे संपतो.

तुम्ही भविष्यातून आलात म्हणून तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रात पीएच.डी. करणारा माइक मॉरिसन यूट्यूबवर एक कार्टून टाकेल. त्यात तो म्हणेल की पोस्टरच्या मधोमध मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत लिहा, तपशील कडेला न्या आणि सगळा पेपर हवा असेल त्याच्यासाठी क्यूआर कोड ठेवा. जगभरच्या परिषदांमध्ये त्यावर वाद होतील आणि हजारो पोस्टरं त्या साच्यात छापली जातील. मॅडमना यातलं काही माहीत नाही. त्यांनी एक पान दाराला लावलं आणि वाचणाऱ्याला पाच फुटांवर उभं केलं, एवढंच.

मामा, म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई, कपाटावरून जुनी गुंडाळी काढून देतात. "हे बघा, आधीच्या लोकांनी कसं केलंय." पिवळट कार्डशीट, त्यावर लेट्रासेटची अक्षरं. पारदर्शक कागदावरचं एकेक अक्षर जागेवर ठेवायचं आणि वरून घासून उतरवायचं. इंग्रजीत ई हे अक्षर सगळ्यात जास्त लागतं, तेव्हा पानावरचे ई आधी संपायचे. या पोस्टरवर एका ठिकाणी सी घेऊन त्यात रॉट्रिंगच्या पेनने आडवी रेघ मारलेली दिसते. जवळून पाहिलं तरच कळतं. आलेख ट्रेसिंग पेपरवर शाईने काढून त्याचा फोटो घेतलेला. ज्याने हे केलं त्याने चुकीला जागाच ठेवली नव्हती. इथे शब्द बदलायचा तर आख्खी ओळ खरवडावी लागायची.

आणखी मागे चला, थोड्याच वेळासाठी. 1974, अमेरिकेतलं मिनिआपोलिस, जीवरसायन आणि जीवभौतिकीची संयुक्त परिषद. निबंध इतके झालेत की ते वाचून दाखवायला खोल्या आणि तास दोन्ही पुरत नाहीत. एरवीची पद्धत अशी की प्रत्येकाला दहा मिनिटं, अंधार केलेली खोली, पडद्यावर स्लाइड, दोन प्रश्न आणि पुढचा वक्ता. इथे मात्र एका दालनात फळे उभे केलेत. तुम्ही त्यांच्यामधून हिंडता. माणसं उभी आहेत, थांबताहेत, बोटाने आलेख दाखवताहेत, असहमत होताहेत, पुढे जाताहेत. कुणी एका फळ्यासमोर अर्धा तास रेंगाळलंय, कुणी दहा सेकंदांत निघालंय, आणि दोघांचंही बरोबर आहे. युरोपात हा प्रयोग आधीच झालाय, 1969 मध्ये माद्रिदला, युरोपीय जीवरसायन संस्थांच्या महासंघाच्या सभेत. अमेरिकेत तो नवा आहे, इतका की 'सायन्स' साप्ताहिक त्याच वर्षी त्यावर लेख छापतं.

इथे एक गोष्ट नीट पाहून घ्या. व्यासपीठावरचा माणूस बोलतो तेव्हा दोनशे लोक गप्प बसतात. फळ्यापाशी उभा असलेला माणूस बोलतो तेव्हा समोरचा मध्येच थांबवून विचारू शकतो. आणि हा समोरचा कुणीही असू शकतो. आपल्याकडे विद्यार्थ्याने मोठ्या शास्त्रज्ञाला भेटायचं तर ओळख लागते, चिठ्ठी लागते, दाराबाहेर थांबावं लागतं. पोस्टरपाशी तो मोठा माणूस स्वतःच्या पायांनी चालत तुमच्यापर्यंत येतो आणि तुमचं काम विचारतो. चार फूट बाय तीन फूट जागा तुमची असते, पाहुणा तो असतो. सांत्वन कसलं करायचं इथे?

पुण्याला परत. गुरुवार, 30 डिसेंबर. नारायण पेठेत एका वाड्याच्या माडीवर डीटीपीचं दुकान. लग्नसराई आहे, तिन्ही संगणकांवर लग्नपत्रिका चालू आहेत, श्री-लिपीतली वळणदार अक्षरं, कोपऱ्यात गणपती. मेलबर्नला सचिनचं शतक झालंय आणि तरी सामना हातातून जातोय, यावर दुकानात एकमत आहे. 2000 साल लागताच संगणक बंद पडायच्या भीतीने भिंतीवर सूचना लावलीय: वायटूकेमुळे सर्वांनी आपापल्या फाइल 31 तारखेच्या आत घेऊन जाव्यात.

तुमची पहिली फ्लॉपी उघडत नाही. ड्राइव्ह घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो. म्हणून तर दुसरीवर तीच फाइल आणि तिसरीवर पुन्हा तीच. या काळात शहाणी माणसं असंच करतात. दुसरी उघडते. मग फोटो. लकडी पुलाखालचा, चार बाय सहा इंचाचा. ऑपरेटर तो स्कॅनरवर पालथा घालतो आणि विचारतो, किती डीपीआय? तुम्ही तीनशे म्हणता. 1,200 गुणिले 1,800 ठिपके, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे साडेसहा एमबी. फ्लॉपीत मावतात 1.44. हा एक फोटो घरी न्यायचा तर पाच फ्लॉप्या लागतील. "जेपेग करून देतो," तो म्हणतो, आणि फोटो एका फ्लॉपीत येतो. आधी फोटो चार होते. आता तुम्ही दोनच ठेवता: पांढऱ्या साक्याची बाटली आणि तपकिरी साक्याची बाटली, शेजारी शेजारी.

पहिलं प्रिंट येतं. निळी रेघ जांभळी झालीय. पडद्यावर रंग प्रकाशाचा असतो, कागदावर शाईचा. पडद्यावरचा गडद निळा शाईला गाठताच येत नाही, निळसर आणि किरमिजी मिसळून जांभळटच होतो. ऑपरेटर किरमिजी कमी करतो, एका कोऱ्या पानावर निळ्याच्या पाच-सहा पट्ट्या छापून देतो. तुम्ही त्या खिडकीशी नेऊन पाहता आणि चौथीवर खूण करता. ट्यूबलाइटखाली पाहता, तेव्हाही चौथीच. गुळगुळीत कागद नको म्हणून सांगता. परिषदेच्या दालनात ट्यूबलाइट असणार आणि चकाकणाऱ्या कागदावर वाचणाऱ्याला आधी दिवे दिसतात, मग अक्षरं. लॅमिनेशनही त्याच कारणाने नको.

आता सावकाश वाचा. प्रत्येक पान, प्रत्येक ओळ, हातात पेन घेऊन. सातव्या पानावर विद्युतवाहकतेचा जो एकच आकडा शिल्लक आहे तिथे थांबा. एकक मायक्रोसीमेन्स होतं. मायक्रोचं ग्रीक म्यू हे चिन्ह तुम्ही सिंबॉल फॉन्टमधून घेतलं होतं, आणि त्या फॉन्टमध्ये म्यू बसलेला असतो इंग्रजी एमच्या जागी. ऑपरेटरने सगळा मजकूर निवडून एकाच फॉन्टमध्ये टाकला, तसा म्यूचा एम झाला. मायक्रोचं मिली झालं. नदीचं पाणी एका क्षणात हजारपट खारं. ऑपरेटरचा दोष नाही. त्याच्यापुढे अक्षरं आहेत, पाणी नाही. पाणी तुम्ही पाहिलंय, म्हणून ते शोधायचं काम तुमचंच.

ऑपरेटर आणखी एक सुचवतो. वास्तुविशारदांचे नकाशे काढणारं मशीन आहे ओळखीच्या दुकानात, तीन फुटी रोलचं, आख्खं पोस्टर एका तुकड्यात निघेल. दर ऐकून तुम्ही नको म्हणता. पण ते नको म्हणण्यात फायदाही आहे: सातवं पान तेवढं पुन्हा छापायचं, बाकीची नऊ तशीच.

दुकानात एक काका कोपऱ्यात बसून पत्रिकांच्या कडा कापताहेत. डीटीपी येण्याआधी ते वर्तमानपत्रात पेस्टिंग करायचे. टाइप होऊन आलेल्या ब्रोमाइडच्या पट्ट्या कापून पानावर चिकटवायच्या, रात्रीच्या रात्री. तुमच्या पिशवीत फेविकॉलची बाटली पाहून ते मान हलवतात. "त्यात पाणी असतं. कागद पाणी पितो, फुगतो, उद्या सगळ्या पानांना सुरकुत्या. रबर सोल्यूशन घे. दोन्ही बाजूंना पातळ लाव, वाळू दे, मग टेकव. बाहेर आलं तर बोटाने चोळ, गोळी होऊन निघतं." ते कटर कसं धरायचं तेही दाखवतात: स्टीलची पट्टी कागदाच्या राखायच्या भागावर, म्हणजे पातं घसरलंच तर टाकाऊ भागात घसरेल, एका दमात कापायचं नाही, हलके हात दोन-तीनदा फिरवायचे. या माणसाच्या बोटांत वीस-तीस वर्षांची वर्तमानपत्रं आहेत. पुढच्या काळात हे कौशल्य कुणी विचारणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यांच्याकडून एक पान पूर्ण कापून घेता आणि हात पाहत राहता.

31 डिसेंबरची रात्र वसतिगृहात. मेसमधल्या टीव्हीवर कंदाहारचे प्रवासी परतल्याची बातमी आहे आणि बाहेर गच्चीवर नवं सहस्रक मोजायची तयारी. तुमच्या खोलीत दोन पलंग भिंतीला लावून फरशीवर कार्डशीट पसरलंय. रंग फिका राखाडी. लाल किंवा पिवळं कार्ड घेतलं असतं तर डोळा चौकटीवरच अडकला असता. आधी पानं नुसती मांडून पाहायची, न चिकटवता. मैत्रिणीला खोलीच्या दारात उभं करायचं आणि विचारायचं, काय दिसतंय? ती म्हणते, "रेघ खाली गेलीय." अजून काय? "लकडी पूल." बस, मग चिकटवायला हरकत नाही. पानांमध्ये दोन बोटांची जागा मोकळी सोडा. ती भरायचा मोह होईल, तक्ता अजून हाताशी आहे. भरू नका. रबर सोल्यूशनचा वास डोक्यात जातो म्हणून खिडकी उघडी ठेवा. बाराला बाहेर आरडाओरडा होतो, दिवे जात नाहीत, संगणक बंद पडल्याची बातमी कुठूनच येत नाही. तुम्ही नववं पान टेकवताय.

कार्डशीटचे दोन भाग केलेत, म्हणजे ते इंजिनिअरिंगच्या मुलाकडून मागून आणलेल्या ड्रॉइंगच्या नळीत घालायला नकोत. गुंडाळलेलं कार्ड फळ्यावर पुन्हा गुंडाळी व्हायला बघतं. दोन्ही भाग पाठीला पाठ लावून, जुन्या वर्तमानपत्रात बांधून, सायकलच्या कॅरिअरला न लावता हातात धरून चालत न्यायचे.

बुधवार, 5 जानेवारी 2000. फळ्यांच्या रांगा, कापड लावलेले, टाचण्या बोटांत रुतताहेत. आलेखाचा मधला भाग डोळ्यांच्या उंचीला येईल असं पोस्टर लावा, आणि तुम्ही कडेला उभे राहा. समोर उभं राहून स्वतःचंच पोस्टर झाकणारे आजूबाजूला कितीतरी आहेत. आलेलं माणूस वाचत असेल तर वाचू द्या. त्याने मान वर केली की मग सांगा, दोन मिनिटांत: कुठून कुठे गेलो, काय मोजलं, काय सापडलं. काल रात्री मॅडमपुढे हेच तीनदा म्हणून झालंय, आणि तिसऱ्या वेळी त्या मध्येच उठून गेल्या होत्या, कारण पुरेसं झालं होतं.

पहिली वीस मिनिटं कुणी थांबत नाही. मग अहमदनगरच्या एका महाविद्यालयातले शिक्षक येतात. त्यांना विंकलरची पद्धत हवीय. बारावीच्या मुलांना काठावर करून दाखवता येईल का, रसायनं किती लागतील, बाटल्या कुठे मिळतात. तुम्ही पोस्टरवरून काढून टाकलेलं सगळं तोंडी सांगता आणि ते वहीत उतरवून घेतात. मग शाळेच्या मुलींचा एक घोळका. त्या दोन बाटल्यांच्या फोटोपाशी थांबतात. "यातलं कुठलं पाणी चांगलं?" एक विचारते. पांढरं दिसतं ते चांगलं, असं तिला वाटतंय. तुम्ही उलट सांगता, तेव्हा ती वाकून पुन्हा पाहते. फोटोखाली ही एक ओळ असायला हवी होती; तुम्ही पेनने लिहून टाकता, तिथल्या तिथे, आणि हे फक्त कागदावरच जमतं.

पांढऱ्या केसांचे एक शास्त्रज्ञ येतात. तुम्ही त्यांची पुस्तकं वाचली आहेत, हातातल्या बिल्ल्यावरचं नाव वाचून तुमचे तळवे गार पडतात. ते काहीच बोलत नाहीत. आलेखाच्या उन्हाळी रेघेवर बोट ठेवतात आणि विचारतात की सगळीकडचं पाणी एकाच वेळेला घेतलंत का, कारण दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री घेतं. पहाटेचा आणि दुपारचा आकडा एकच नसतो. तुम्ही सांगता की खडकवासल्याला पहाटे पोचतो आणि संगमाला यायला साडेनऊ होतात. म्हणजे संगमाचा आकडा खरा त्याहून खाली असेल, ते म्हणतात. म्हणजे तुमचा निष्कर्ष आहे त्याहून पक्का आहे. एक झेरॉक्स घेऊन ते पुढच्या फळ्याकडे जातात. व्यासपीठावरून दहा मिनिटं वाचला असता तर हा प्रश्न कुणी विचारला असता का? कदाचित घंटा वाजली असती.

गर्दी ओसरत येते तेव्हा धोतर-कोटातले एक गृहस्थ आलेखासमोर येऊन उभे राहतात. ते बराच वेळ वाचतात, मागे जातात, पुन्हा पुढे येतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत.

"मे महिन्यातली ही रेघ. त्या दिवशी धरणातून नदीत पाणी सोडलं होतं की नव्हतं?"

तुम्हाला माहीत नाही.

"खडकवासल्याचं पाणी उन्हाळ्यात कालव्याला जातं. नदीच्या पात्रात सोडलं तरच खाली येतं. पात्रात वरून काही आलंच नसेल तर शहरात तू मोजलंस ते नदीचं पाणी नव्हतंच, नुसतं सांडपाणी होतं. आणि सोडलं असेल तर तुझी रेघ वेगळी गोष्ट सांगते."

तुम्ही आलेखाकडे पाहता. तारखा वहीत आहेत, प्रत्येक बाटलीच्या. त्यांच्या शेजारी दुसरा रकाना कधी आखलाच नव्हता.

"विसर्गाची नोंद रोजची असते?" तुम्ही विचारता.

"रोजची. रजिस्टर कचेरीत आहे." ते झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पत्ता लिहून देतात आणि खाली आपलं नाव. "माझं नाव सांग, दाखवतील. वही घेऊन सोमवारी ये, मीही येतो. अकराच्या आधी नको, कपाटाची किल्ली तोवर आलेली नसते."